ओमानला गेलेलं वादळ

"ताडपत्री काढा, मगच नवरदेव बोहल्यावर चढंल," असं म्हणून आप्पासोंनी खुर्ची ओढली आणि ते मांडवाबाहेर उघड्यावर जाऊन बसले.

लग्नात नवऱ्याकडचे रुसतातच. कुणी फेट्यावरून रुसतो, कुणी पंगतीत जिलेबी उशिरा आली म्हणून. पण ताडपत्रीवरून रुसलेला व्याही सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या मैदानानं पहिल्यांदाच बघितला असेल. गोरज मुहूर्त जवळ आला होता. भटजी घड्याळाकडे बघत होते. नवरीचे वडील जोतीराम आणि नवऱ्याचे वडील आप्पासो आपापल्या मोबाईलकडे बघत होते.

मोबाईलवर अरबी समुद्र होता. त्यात एक लाल-पिवळा भोवरा आठवडाभर जागच्या जागी फिरत होता. त्याचं वादळ होणार की नाही हे हवामान खात्यानं अजून सांगितलं नव्हतं. या दोघांनी कधीच सांगून टाकलं होतं. दोघंही हौशी हवामानवाले, दोघांचे आपापले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सैन्यातून सुभेदार होऊन आलेल्या जोतीरामांचा भरवसा युरोपच्या हवामान मॉडेलवर: वादळ कोकणाला धडकणार आणि सांगलीला झोडपणार. माधवनगरच्या आप्पासोंचा भरवसा अमेरिकेच्या मॉडेलवर: वादळ ओमानला जाणार. या ओळखीतूनच सोयरीक झाली. पोराचे आणि पोरीचे गुण जुळले, बापांची मॉडेलं काही जुळली नाहीत.

'लग्नादिवशी आकाश निरभ्र' असं आप्पासोंनी ग्रुपवर ठोकून दिलं होतं. आणि वऱ्हाड घेऊन येऊन बघतात तर मांडवावर ही निळीशार ताडपत्री!

"आवं पाहुणं, आत चला," जोतीराम हात जोडून म्हणाले.

"कसा येऊ? माझ्या ग्रुपची निम्मी मंडळी वऱ्हाडात हाईत. मीच ताडपत्रीखाली बसलो तर माझा अंदाज कोण वाचंल?"

"आन् पोरं भिजली म्हंजे?"

"भिजतीलच कशी? वादळ ओमानला चाललंय."

"कोकणात येतंय!"

"ओमान!"

खरं सांगायचं तर जोतीराम सकाळपासून देव पाण्यात घालून बसले होते. पोरीच्या लग्नात पाऊस पडावा म्हणून झुरणारा बाप त्या जिल्ह्यात दुसरा नसेल. पण आता त्यांची पंचाईत झाली. मुहूर्त टळला तर पोरीला, प्रियदर्शनीला, तोंड कसं दाखवायचं? ताडपत्री काढायची तर ग्रुपला कसं दाखवायचं?

शेवटी त्यांची बायको मनुबाई हातातलं अक्षतांचं ताट घेऊनच तरातरा आली.

"लग्न पोरीचं हाय का समुद्राचं?" तिनं दोघांनाही विचारलं. दोघांनी मोबाईल खिशात घातले. "मग ऐका. पाहुण्यांच्या बाजूची ताडपत्री सोडा. आपल्या बाजूची ऱ्हाऊ द्या. ज्याला जसं वाटतंय तसं त्यानं बसावं."

मांडववाल्यानं अर्ध्या दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री मधोमध गुंडाळून ठेवली. नवरीकडचे निळ्या प्लॅस्टिकखाली बसले, नवऱ्याकडचे मोकळ्या आभाळाखाली मान ताठ करून. आप्पासो पहिल्या रांगेत बसले. बोहल्यावर नवरदेव जयराज उघड्यावर आणि प्रियदर्शनी छपराखाली, मध्ये अंतरपाट. मंगलाष्टका सुरू झाल्या.

दोन्ही बापांचं लक्ष पश्चिमेकडे. समुद्र तिकडं. ढग आला पूर्वेच्या मिरजेकडून.

आधी वारं सुटलं, धुळीबरोबर पत्रावळ्या उडाल्या, आणि पाठोपाठ वळवाचे टपोरे थेंब ताडताड पडायला लागले. वऱ्हाडानं मानपान सोडला आणि खुर्च्या डोक्यावर घेऊन नवरीच्या बाजूला धूम ठोकली. एकटे आप्पासो हलले नाहीत. त्यांच्या फेट्याचा गुलाबी रंग मिशीवरून ओघळत होता.

"पळू नगा रं!" ते ओरडले. "ह्यो स्थानिक ढग हाय! ह्येचा समुद्राशी काय बी संबंध न्हाई!"

"आलं का न्हाई?" जोतीराम आनंदानं नाचायचेच बाकी होते. "युरोप खोटं बोलत न्हाई, पाहुणं!"

तेवढ्यात गुंडाळलेली ताडपत्री वाऱ्यानं सुटली आणि शिडासारखी फुगली. बोहल्याच्या दोन्ही बाजूंचे बांबू करकरले. जोतीरामांनी झेप घेऊन आपल्या बाजूचा बांबू कवटाळला. पलीकडचा जयराजच्या डोक्यावर कलायला लागला, तसे आप्पासो खुर्ची पाडून धावले आणि त्यांनी तो छातीशी धरला. आता अख्खी ताडपत्री पुन्हा सगळ्यांवर पसरली होती आणि दोन व्याही तिच्या दोन टोकांना लोंबकळत होते.

दोघांच्याही खिशातले मोबाईल थरथरायला लागले. ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती. आप्पासोंनी एक हात हळूच खिशाकडे नेला. ते बघून जोतीरामांनीही नेला. स्थानिक, असं एकाला लिहायचं होतं, कोकण, असं दुसऱ्याला. मांडव चांगला हातभर खाली आला.

भटजी थांबले. अंतरपाटाआडून प्रियदर्शनीचा आवाज आला.

"आबा, मामंजी, दोघांनी बी नीट धरा. तुमच्यातल्या एकानं जरी सोडलं, तरी येणार हाय ते आमच्याच डोक्यावर."