मनगटावरचा दिवा

तबल्यावरची तिहाई तिसऱ्या फेरीला नेमकी समेवर पडली आणि सभागृहातून दाद आली. वाजवणाऱ्या मालिनी केरकरचं लक्ष मात्र आपल्या डाव्या मनगटाकडे गेलं. तिथला लाल दिवा लागला होता.

अपघातानंतर बसवलेला तो कृत्रिम हात प्रत्येक बोलासाठी ऐन वेळी नवा प्रोग्राम लिहायचा आणि बोल वाजला की पुसून टाकायचा. मागे काहीच उरत नसे. म्हणून प्रोग्राम जन्मतानाच त्याला लेबल चिकटवायचं, हे मालिनीने हट्टाने करून घेतलं होतं. बोल तिला सुचला की हाताला, एवढंच त्यावर असे. हाताला सुचला, तर दिवा लागे.

"लोकांना काय कळणार आहे, मालिनीताई?" इंजिनियर शेणवी तेव्हा म्हणाला होता.

"मला कळेल ना."

आता पहिल्या रांगेतून तोच शेणवी तिला पुढे चला म्हणून खुणावत होता. मालिनी थांबली. गुरूंचं नाव घेताना धरावी तशी तिने उजव्या हाताने कानाची पाळी धरली.

"ही तिहाई माझी नाही. या हाताची आहे. मीही आत्ताच ऐकली."

कुणीतरी हसलं. तिने पेटीवाल्याला लेहऱ्याची फिरती धून चालू ठेवायला सांगितली आणि तीच तिहाई पुन्हा धरली. मध्येच तिचा हिशेब सुटला, हाताने सावरून घेतलं, दिवा लागला. तिने पुन्हा धरली. पुन्हा दिवा. लोक चुळबुळू लागले, तरी ती धरतच राहिली.

शेवटी एकदा तिहाई जरा ओबडधोबडच, पण समेवर पडली. दाद कुणी दिली नाही. दिवाही लागला नाही.