थंड हौदातले दगड

अल्लालला दोघांनी काखेत धरून हमामच्या मधल्या दालनात आणले आणि फरशीवर पालथे निजवले. मागोमाग चामडी रंगवणाऱ्यांचा मुकादम सी तिजानी आला. त्याने कपडे उतरवले नव्हते. विजार गुडघ्यांपर्यंत दुमडून तो ओल्या फरशीवर जपून उभा राहिला.

"बा मिलूद," तो म्हाताऱ्या मालीशवाल्याला म्हणाला, "आमच्या माणसाची कंबर धरलीय. जुनंच दुखणं आहे. गरम दगड लावा, चांगले कढत."

मिलूदचे दोन हौद भिंतीलगत शेजारी शेजारी होते. भट्टीवरून येणाऱ्या पाण्याच्या हौदात सहा दगड, झऱ्याच्या पाण्याच्या हौदात सहा. सगळे सेबू नदीच्या पात्रातले, काळे, तळहाताएवढे. जुन्या दुखण्याला गरम आणि ताज्या माराला थंड, हे फेस शहराच्या त्या गल्लीत कोणाला सांगावे लागत नसे. पाठीवर कोणता दगड पडतो आहे एवढे पाहिले की दुखणे किती दिवसांचे ते दालनात बसलेल्यांना कळे. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर चार जण बसले होते. त्यांतले तिघे अल्लालबरोबर त्याच कुंडांवर चामडी रंगवणारे होते. चौथा सपाता शिवणारा अयाशी.

मिलूदने कंबरेवरून अंगठा फिरवला. डाव्या अंगाला मुठीएवढी सूज होती, आणि खरचटलेल्या कातडीत चामड्याचे केस काढायच्या कुंडातला चुना अजून पांढरा दिसत होता. आधी त्याने तो चुना भरपूर पाण्याने धुऊन काढला.

मुकादम बोलतच होता. अल्लालची कंबर गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरते, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. आज तो कुंडाच्या काठावर नुसता टेकला, तो उठेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चामडेवाल्यांचा प्रमुख, अमीन, चौकशीला येणार होता, आणि इथे कोणते दगड लागले हे तो बसलेल्यांना विचारणार होता. कामावर पडलेल्याचे घर तो उभा राहीपर्यंत मालकाने चालवायचे, असा तिथला रिवाज होता. जुने दुखणे घेऊन बसलेल्याने मात्र आपली जागा दुसऱ्याला सोडायची.

मिलूदने थंड हौदात हात घातला.

"कानात पाणी गेलंय का, बा?" सी तिजानी हसला. "गरम म्हणालो मी."

"ऐकलं. ताज्या सुजेवर गरम ठेवला तर उद्या याला कूस बदलता यायची नाही."

मुकादमाने आवाज उतरवला. कुंडांच्या आवारातली चाळीस माणसे दर गुरुवारी याच हमामात येतात, याची त्याने आठवण करून दिली. पुलापलीकडे आणखी एक हमाम आहे, आणि तिथल्या मालीशवाल्याचे हात मिलूदच्या हातांपेक्षा तीस वर्षांनी तरुण आहेत, हेही सांगितले. मिलूदने सगळे शांतपणे ऐकून घेतले. हात मात्र पाण्यातून काढला नाही.

तेव्हा सी तिजानीने स्वतःच बाही सारली, गरम हौदातून एक दगड काढला, या हातातून त्या हातात झेलत आणला आणि अल्लालच्या डोक्याशी ठेवला. मग तो खाली वाकला.

"अल्लाल, तूच सांग यांना. मघाशी मला काय म्हणालास?"

मघाशी अल्लाल 'जुनंच आहे' असे म्हणाला होता. त्याच्या बदल्यात सावलीत बसून लोकर निवडायचे काम देतो, असे मुकादमाने त्याला सांगितले होते. ते काम किती दिवस, हे सांगितले नव्हते आणि अल्लालनेही विचारले नव्हते.

मिलूदने थंड दगड आणून गरम दगडाशेजारी मांडला, अल्लालला दोन्ही दिसतील असा.

"पाठ तुझी आहे, बाळा," तो म्हणाला. "कोणता ठेवू?"

दालनातल्या बादल्यांचा आवाज थांबला. अल्लालचा गाल फरशीला टेकलेला होता. पडल्यापासून त्याच्या अंगात हीव भरले होते, दात एकमेकांवर आपटत होते. गरम दगडाची ऊब त्याच्या कपाळाला लागत होती आणि ती त्याला फार हवीशी वाटत होती.

"थंड," तो म्हणाला.

"नीट विचार करून बोल," सी तिजानी म्हणाला.

"सहाच्या सहा, बा."

मिलूदने एकेक दगड कंबरेवर मांडला. पहिल्याला अल्लालचा श्वास अडकला, दुसऱ्यालाही. सहाव्याला त्याने डोळे मिटले.

सी तिजानी सरळ उभा राहिला. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आपल्या तीन रंगाऱ्यांवर ती जरा जास्त वेळ ठेवली. "अंगाच्या उबेनं घटकाभरात कोमट होतील ते," तो म्हणाला. "मग?"

कोपऱ्यात बसलेला अयाशी गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याने गरम हौदातला एक दगड लांब दांड्याच्या डावाने वर काढला आणि थंड हौदात सोडला. मग दुसरा. तो म्हातारा होता, सावकाश काम करत होता, आणि त्याला थांबायला कोणी सांगितले नाही. पाच दगड झाले.

सहावा मुकादमाच्या पायाशी होता. रंगाऱ्यांपैकी एक जण पुढे झाला. त्याचे हात कोपरांपर्यंत निळे होते. तो कोणाच्या हाताखाली काम करतो हे विचारायची गरज नव्हती. मुकादमासमोर वाकून त्याने तो दगड उचलला. अजून तो कढत होता. त्याने तो हातातून हातात झेलला नाही, ओंजळीत तसाच धरून थंड हौदापर्यंत नेला आणि दगडासकट दोन्ही निळे हात पाण्यात बुडवून तो तिथेच बसून राहिला.