काट्यावरची वजाबाकी

काटा नऊ किलोवर थांबला तेव्हा नर्सबाईंनी आधी काट्यालाच दोष दिला. बाळाला उचललं, काटा शून्यावर आणला, बाळाला पुन्हा ठेवलं. पुन्हा नऊ. बाळाने तेवढ्यात त्यांच्या मास्कची दोरी पकडली.

वहीत गेल्या आठवड्याचा आकडा होता पाच. पाच महिन्यांपूर्वीचा, सहा.

साथीमुळे दवाखाना बंद झाला तेव्हा बाईंनी सगळ्या आयांना फोनवरून युक्ती शिकवली होती. बाळाला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहायचं, आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं, उरेल ते बाळाचं. बाकीची बाळं वाढत होती. हे एकच उतरत चाललं होतं, आणि तरी फोनच्या पडद्यावर खिदळत होतं. पाणी कुठे मुरतंय ते बाईंना कळेना, आणि छडा लागल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. शेजारणीचा काटा आणून बघ म्हणाल्या. आईने बघितलं. आकडा तोच. मग मात्र बाई घाबरल्या. नवऱ्याचं काम बंद होतं, चूल एकच वेळ पेटत होती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून दर फोनला बजावायच्या, आधी बाळाचं पोट, मग बाकीच्यांचं.

आज दवाखाना उघडला आणि रांगेत पहिली हीच आई.

"दर वेळी तुझं वजन किती धरायचीस गं?" बाईंनी विचारलं.

"पंचेचाळीस. पहिल्याच फोनला तुम्ही माझ्या बाळंतपणाच्या कार्डावरून वाचून सांगितलं होतंत ना, ताई? तेच."

"नंतर एकटी कधी चढली नाहीस?"

आईला या प्रश्नाचं हसू आलं. "माझं कशाला? याचा आकडा उतरला, की माझ्या ताटातलं आणखी थोडं याला भरवायचे. तरी मेला वर येईना."

बाईंनी वहीच्या कोपऱ्यात मांडलं: पाच आणि पंचेचाळीस, पन्नास; त्यातून बाळाचे नऊ गेले, तर आईचे उरले एक्केचाळीसच. त्यांना स्वतःची लाज वाटली. पाच महिने त्या या घरी फोन करत होत्या, आणि तू जेवलीस का, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी मान वर करून आईकडे नीट पाहिलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन गरगर फिरत होतं.

त्यांनी बाळाला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यातला मोठा काटा पायाने पुढे ओढला.

"चप्पल काढ," त्या म्हणाल्या, "आणि आता तू चढ."