आईचं कौतुक

लेकीनं धाडकन दार ढकललं आणि ती तशीच चपलांसकट आतल्या खोलीत शिरली. आई त्या बाईला चमच्यानं दूध पाजत होती. अर्धांगानं बाईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. निम्मं दूध हनुवटीवरून ओघळत होतं आणि आई ते रुमालानं टिपत होती.

"आज चर्चमध्ये काय झालं, ठाऊक आहे? पाळकसाहेबांनी अख्खा उपदेश तुझ्यावर दिला! म्हणे, क्षमा कशी करावी हे आपल्या शिवणकामवाल्या बाईंकडून शिका. बायका डोळे पुसत होत्या!"

"सावकाश बोल. तिला ठसका लागेल."

लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला.

याच बाईपायी वडिलांनी घर सोडलं होतं. जाताना आईचं शिलाई मशीनही उचलून नेलं, कारण शिवण हिलाही येत होतं. दोन गल्ल्या पलीकडेच दोघांनी संसार थाटला. शाळेतून येताना लेकीला त्या खिडकीतून मशीनचा आवाज ऐकू यायचा, आणि घरी आई हातानं टाके घालत बसलेली असायची. बोटांची चाळण झाली होती. तेव्हा चर्चच्या मंडळीतलं काळं कुत्रंही दारात आलं नाही. उलट चर्चच्या पायरीवर एका वडीलधाऱ्या बाईनं ऐकवलं होतं, "नवरा टिकवणंसुद्धा यावं लागतं हो."

पुढे वडील वारले आणि बाईला झटका आला. तिचे सख्खे भाऊ दवाखान्यात फिरकले नाहीत. मंडळीच्या प्रार्थनेत कुणीतरी तो विषय काढला. सगळ्यांनी डोळे मिटून तिच्यासाठी कळवळून मागणं केलं, आमेन म्हटलं आणि चहाला उठले. आई तेवढी तिला दवाखान्यातून घरी आणायला गाडी बघायला गेली.

तेव्हापासून लेक धुमसत होती. ज्यानं लाथ मारली त्याचेच पाय चेपायचे, हाच का तो धर्म? आणि आता त्याचं कौतुक, तेही या लोकांच्या तोंडून!

"तुझं मन मोठं असेल," ती ओरडली. "माझं नाही. तू हिला माफ केलंस म्हणून मी करणार नाही!"

आईनं चमचा वाटीत आपटला. दूध चादरीवर उडालं.

"मी हिला माफ केलं, हे त्या पाळकाला सांगितलं कुणी?"

आईनं आजवर कधी 'साहेब' गाळलं नव्हतं.

"रोज सकाळी हिचं तोंड बघितलं की डोक्यात तिडीक जाते माझ्या. वाटतं, पडू दे तशीच घाणीत. मग बाहेरच्या खोलीत जाऊन प्रभूशी भांडते. कचाकचा भांडते. 'हिला ठेवायला माझंच घर सापडलं का तुला?' म्हणून विचारते. तो काही बोलत नाही. आणि इकडे हिचं अंथरूण ओलं झालेलं असतं. मग येते आणि बदलते."

"आई, हळू. ती ऐकतेय."

"ऐकू दे. पहिल्याच दिवशी सांगितलंय तिला."

त्या बाईनं डोळे मिटले आणि किंचित मान हलवली.

"मग करतेस कशाला?" लेकीचा आवाज चिरकला.

"मनात प्रेम वाटू दे, असं कुठे म्हणालाय प्रभू? 'कर' म्हणालाय. वाटेपर्यंत थांबले असते तर ही दवाखान्याच्या व्हरांड्यातच मेली असती. आणि मी त्या सगळ्यांसारखी डोळे मिटून बसले असते."

आईनं बाईच्या खांद्याखाली हात सरकवला. दातओठ खात, पण अलगद. ते लेकीला आज पहिल्यांदा दिसलं.

"आता उभी काय राहिलीस? पाय धर तिचे. कूस बदलायची आहे."

लेकीनं पाय धरले. राग तसूभरही कमी झाला नव्हता.