बॅरीची चिवट ई-सिगरेट

"मारून टाक हिला," बॅरी एंटविसल म्हणाला आणि त्याने आपली ई-सिगरेट ट्रेव्हरच्या टेबलावर ठेवली.

ट्रेव्हरने चष्मा कपाळावर सरकवला. दर शनिवारी सकाळी लोक मोडक्या वस्तू घेऊन चर्चच्या हॉलमध्ये येत आणि त्याच्यासारखे निवृत्त कारागीर त्या फुकट दुरुस्त करून देत. टोस्टर, टेबलावरचे दिवे, एकदा तर कवळीसुद्धा. नियम एकच होता. मालकाने शेजारी बसायचं आणि आपली वस्तू उघडताना बघायची. पण वस्तूचा जीव घ्यायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"आम्ही इथे दुरुस्त करतो, बॅरी. मारायलाच निघाला आहेस, तर घरी हातोडा नाही?"

"हातोडा म्हणजे लबाडी. ती आपली आपण मेली पाहिजे. निदान तसं दिसलं तरी पाहिजे."

चार वर्षांपूर्वी बॅरीने सिगरेट सोडून ही घेतली होती. बाजारातली सगळ्यांत स्वस्त, नऊ पौंडांची. क्लबात ग्लास उंचावून त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "ही शेवटची. ही मेली की दुसरी आणणार नाही. सगळं बंद!" फार तर दोन महिने टिकेल, असा त्याचा अंदाज होता. खटारा बस चालवण्यात जन्म गेलेल्या माणसाने स्वस्त मालाला इतकं कमी लेखायला नको होतं.

"कालव्यात पडली," बॅरी बोटांवर मोजत सांगू लागला. "पँटच्या खिशात धुतली गेली. कुत्र्याने चावली. बंद पडली की बायको ती टॉवेलांच्या उबदार कपाटात ठेवते. म्हणते, ओल लागली असेल, सुकू दे. आणि शनिवारी दुपारी बया पुन्हा जिवंत!"

"मग तूच सोड की तिला."

"सुटत नाही ना! अर्ध्या तासात हात आपोआप खिशात जातो. रक्तात भिनलंय ते." बॅरीचा आवाज एकदम खाली आला. "परवा नातीने शाळेत घरच्यांचं चित्र काढलं. सगळ्यांना चेहरे आहेत. कुत्र्यालासुद्धा. मला नुसता ढग."

ट्रेव्हरने बारीक पेचकस घेतला आणि झाकण उघडलं.

आणि तो बघतच राहिला. बाहेरून अशा स्वस्त सिगरेटी गावभर होत्या, पण आतली निळी वायर त्याच्याच जुन्या व्हॅक्यूम क्लीनरमधली होती. चार्जिंगच्या तोंडापाशी कथलाचा डाख दिलेला होता, जरासा डावीकडे ओघळलेला. असा डाख गावात एकच माणूस देई, कारण त्याचा उजवा अंगठा संधिवाताने धड वळत नसे. ट्रेव्हरने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

ही तर रीटाची सिगरेट! बॅरीची बायको ग्लेनिस, तिची बहीण रीटा. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिच्या वतीने ग्लेनिस ती घेऊन यायची, तीही बॅरी कुत्र्याला फिरवायला गेला की. मालकाने शेजारी बसायचा नियम ट्रेव्हरने तिच्यासाठी सात वेळा मोडला होता. ग्लेनिसच्या लिंबाच्या केकपुढे नियमाचं काय चालणार?

"बॅरी," तो सावकाश म्हणाला, "हिच्यात मूळचं असं फक्त झाकण उरलंय."

"म्हणजे?"

ट्रेव्हरने हॉलच्या टोकाला पाहिलं. तिथे चहाच्या मोठ्या भांड्यामागे ग्लेनिस उभी होती. तिनेही टेबलावर उघडून पडलेली ती वस्तू पाहिली. मग तिने अ‍ॅप्रनला हात पुसले आणि सरळ चालत आली.

"मीच करून घेत होते दुरुस्त," ती म्हणाली. "रीटाने आयुष्यात कधी धूर काढला नाही. ट्रेव्हर, माफ कर."

बॅरीचा चेहरा लालबुंद झाला. "तू? अगं, मी सुटावं म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस ना? आणि वैरीण होऊन हिला जगवलंस?"

"मागच्या वेळी एकदम सोडली होतीस, आठवतं? पाचव्या दिवशी पाद्रीबाबांशी भांडलास. नवव्या दिवशी कुत्र्याशी अबोला धरलास. आणि बाराव्या दिवशी सिगरेटचं पाकीट घेऊन घरी आलास. ही मेली असती तर पुन्हा तेच झालं असतं."

"मग काय, जन्मभर ओढत बसू?"

"हिच्यात ओतायची तुझी ती स्ट्रॉबेरीची बाटली कोण भरतं?"

"तू."

"आधी बारा मिलिग्रॅम निकोटीनची भरायचे. मग सहाची केली. मग तीनची. तुला पत्ता लागला नाही." ग्लेनिसने बॅरीच्या खांद्यावर हात ठेवला. "नाताळापासून शून्याची भरतेय. दहा महिने झाले, बॅरी. त्यात निकोटीनचा थेंब नाही. नुसती स्ट्रॉबेरीची वाफ आहे."

शेजारच्या टेबलावर टोस्टर दुरुस्त करणाऱ्यानेही हात थांबवला.

बॅरी खुर्चीत मागे टेकला. त्याने खिशात हात घातला, तो रिकामाच बाहेर काढला आणि नव्यानेच पाहावा तसा पाहिला.

"पण मग दहा महिने मी सकाळी सकाळी चिडतो, ते कशाने?"

"तो तुझा स्वभाव आहे. त्याला औषध नाही."

बॅरीने डोळे पुसले, नाक शिंकरलं. मग उघडी पडलेली ती सिगरेट त्याने दोन बोटांनी ट्रेव्हरकडे सरकवली.

"जोडून दे रे," तो म्हणाला. "चांगली पक्की जोड. क्लबात टेबलावर ठेवून सांगायचंय, ही जिवंत असताना सोडली म्हणून."