फुकटचा परीक्षक

फुकटची माणसं तुम्हाला हवी असतात, समितीवाल्यांनो, आणि ती मिळतातही. पण सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, एखादा माणूस तुमच्या दारात फुकट का येऊन उभा राहतो, हे तुम्ही कधी विचारत नाही. गळ्यात बिल्ला अडकवता आणि चहाकडे बोट दाखवता.

त्या दिवशीही तेच झालं.

“नात्यातलं कोणी स्पर्धेत?” संयोजकाने मान वर न करता विचारलं. “असेल तर ती टीम बाद. मागच्या वर्षी लफडं झालं, तेव्हापासून कडक केलंय.”

“मला कोणी नाही,” तो म्हणाला. लिफ्टच्या कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनियर होता तो.

संयोजकाने आत्ता कुठे वर पाहिलं. “तसं नव्हतं विचारायचं मला, काका.”

“कळलं मला. आणि सगळ्यात कमी नि सगळ्यात जास्त गुण धरत नाहीत ना?”

“नाही. कोणी आकस धरला, कोणी लाड केले, दोन्ही उडतात. पाच परीक्षकांपैकी मधल्या तिघांचेच धरतो.”

त्याने बिल्ला घातला. घरी त्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्यातल्या एका खोलीत तो जायचाच नाही. शेजाऱ्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा, बातम्यांचं तो त्यावरच भागवायचा. कालपासून इथे येईपर्यंत तो एकही शब्द बोलला नव्हता. आता बोलायला सुरुवात केली ती थांबेचना.

पहिल्या टेबलावर कचरा वेगळा करणारं यंत्र होतं. त्याने यंत्राकडे बघितलं न बघितलं आणि पोराला विचारलं, “आई काय करते तुझी?”

“शिलाई,” पोरगं गडबडलं.

“डबा देते का?”

शेजारी उभ्या असलेल्या प्राध्यापिका बाई हसल्या. त्याही परीक्षकच. “काका, सोयरीक जमवायला आलात की गुण द्यायला?”

सगळे हसले. तोही हसला. पुढच्या टेबलावर त्याने पुन्हा तेच केलं. तिसऱ्या टेबलापर्यंत बाईंचं हसू आटलं होतं.

शेवटच्या टेबलावर तीन मुली होत्या. त्यांची गाडी ओझं घेऊन जिना चढायची. एका चाकाच्या जागी तीन-तीन चाकं, एक अडलं की दुसरं पायरी पकडणार. लाकडाचा पाच पायऱ्यांचा जिनाही त्यांनीच ठोकून आणला होता. बोलत होती ती मधली मुलगी, आखूड केसांची. बोलताना ती फक्त बाईंकडे बघत होती.

“जिंकलात तर दोन वर्षं परदेशातल्या प्रयोगशाळेत,” बाई म्हणाल्या. “जमेल?”

“आम्हाला जायचंच आहे, मॅडम. मला तर नक्कीच. इथे दुसरा रस्ता नाही मला.”

“बोटाला काय झालं?” त्याने विचारलं.

मुलीने हात मागे घेतला. “लागलं, सर.”

“काय लागलं?”

“पत्रा.”

“धनुर्वाताचं इंजेक्शन?”

“घेतलं, सर.”

“आणि जेवता का तिघी वेळेवर?”

“अहो, यंत्राचं विचारा!” बाई वैतागल्या. “दहा मिनिटं तर आहेत.”

“या दहा मिनिटांत काय विचारायचं ते मी ठरवीन.”

“हा प्रश्न यंत्राबद्दल नाही, सर,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज पत्र्यासारखा होता.

“बरं. चढताना वरून ओढणाऱ्याचा हात सुटला तर?”

“खटका आहे. गाडी मागे येत नाही.”

“दाखव.”

गाडीवर विटा रचलेल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर तिने हात सोडला. खटका बसल्याचा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. चष्मा काढून शर्टाला पुसला. मग कागदावर शून्य लिहिलं.

परीक्षकांच्या खोलीत बाई उसळल्या. “शून्य? डोळ्यांदेखत जिना चढली ती गाडी!”

“माझे गुण आहेत.”

“कारण तरी सांगा!”

“कारण लिहायची सक्ती नाही.”

“पोरींनी काय घोडं मारलंय तुमचं? मघापासून बघतेय, त्या मुलीला नुसतं खोदताय. कोणाचा राग काढताय?”

“जाऊ द्या हो, बाई,” कारखान्यातून आलेले साहेब कंटाळून म्हणाले. “त्यांचे गुण उडणारच आहेत. खडूसपणाही फुकट गेला त्यांचा.”

त्यावर सगळे हसले. या वेळी तो हसला नाही. बिस्किटांची बशी फिरली ती त्याच्या शेजारून वळली. उरलेला तासभर तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि त्याला कोणी काही विचारलं नाही.

निकाल हॉलमध्ये पडद्यावर लावले. पाचही परीक्षकांचे गुण सगळ्यांना दिसत होते. जिन्याची गाडी पहिली आली. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि मग कोणीतरी ते शून्य पाहिलं. मागच्या रांगांतून हुर्यो उठली. दोन मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. आखूड केसांची मात्र पडद्याकडे बघत उभी होती.

तो मागच्या दाराने निघाला. बिल्ला संयोजकाच्या टेबलावर ठेवला. “पुढच्या वर्षी नका येऊ, काका,” संयोजक हळूच म्हणाला. त्याने मान हलवली.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत चिटपाखरू नव्हतं. मागून पळत येणारी पावलं ऐकून तो थांबला, पण वळला नाही. आखूड केसांची मुलगी धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. आधी तिने दाराकडे नजर टाकली. कोणी बघत नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी जेवते का, एवढं विचारायला तुम्हाला परीक्षक व्हावं लागतं?”