शटर उघडं असताना

"ताई, पाटी नीट धर. अक्षरं आली पाहिजेत."

ताईनं पाटी बॅटरीच्या उजेडात धरली आणि मगच वाचली. प्रत्येक गुहेत पहिला फोटो पाटीचा, म्हणजे घरी गेल्यावर सरमिसळ होत नाही. वर तारीख. खाली 'शोध व छायाचित्रे', आणि पुढे एकच नाव, तिच्या धाकट्या भावाचं.

"शोध तुझा?"

"अगं, पुस्तकात तसंच छापायचंय. लोकांना एक नाव लागतं."

लोकांना म्हणे! गेल्या महिन्यात याच गुहेच्या तोंडाशी पोट अडकलं म्हणून हा बाहेर बसला होता. पन्नाशीची ताई पालथी सरपटत एकटी आत शिरली. "अरे, केवढी मोठी गुहा आहे!" ती आतून ओरडली, तेव्हा या शूरवीरानं विचारलं होतं, "साप आहे का गं?" मग साहेबांना आत येता यावं म्हणून चार दिवस छिन्नी-हातोडा चालवून ते भोक रुंद केलं. तेही तिनंच.

"आणि माझं नाव?"

"आभारात आहे की! पहिलंच. घरातल्या घरात काय माझं-तुझं करतेस?"

"घरातल्या घरात? कोपरं माझी सोलवटली होती!"

"बरं बरं, बाहेर गेल्यावर भांड. आता चल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यानं सवयीनं डोक्यावरचा दिवा काढून तिच्या हातात दिला. काळोखात त्यानं कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं, ताईनं फ्लॅश घेऊन भिंतींवर जागोजाग उजेड टाकायचा, अशी त्यांची रीत. त्याला मध्येच दिवा लावून बघायची खोड. तीन फोटो त्यानं तसे घालवले, तेव्हापासून सगळे दिवे ताईकडे.

ती पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि बॅटरी विझवली.

"उघडलं!" तो ओरडला. "टाक उजेड."

ताई एका दगडावर बसली.

"ताई? टाक ना."

कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"चेष्टा पुरे हं. मला माझा हातसुद्धा दिसत नाहीये." त्याचा आवाज बारीक झाला. "ताई, बाहेर जायची वाट कुठल्या बाजूला गं?"

"शोध तुझा ना?" ताई म्हणाली. "मग शोध."